धार काढणारा हातच जनावरांची देवी पसरवतो, पावसाळ्यात गोठ्यात एवढं सांभाळा

पाऊस सुरू झाला की गोठ्यात चिखल, माश्या, डास सगळं एकदम वाढतं आणि मग फोन यायला लागतात, म्हशीच्या सडावर फोड आलेत, करडांच्या तोंडाला मावा (फोड-खपल्यांचा आजार) झालाय, कोंबड्यांच्या तुऱ्यावर खपल्या दिसतात, आणि शेवटी हळूच एक प्रश्न, हे आम्हाला होईल का? तर काही होतात काही नाही, आणि हा फरक कळला की निम्मी भीती जाते.

हे सगळे पॉक्स म्हणजे देवीच्या कुळातले व्हायरस. पण कुळ एक असलं तरी प्रत्येकाचं घर वेगळं. लंपी (अंगावर गाठी येणारा आजार) गायी-म्हशींचा, मेंढ्या-शेळ्यांची देवी त्यांचीच, कोंबड्यांची देवी पक्ष्यांची, हे माणसाला होत नाहीत. लंपीच्या साथीत लोकांनी दूध ओतून दिलं याचं फार वाईट वाटतं, दूध उकळून प्यायचं, बास. माणसाला होतात ते म्हशीची देवी, गायीच्या सडावर येणारी खोटी देवी आणि शेळ्या-मेंढ्यांचा मावा.

आता हे येतात कसे, तर बहुतेक वेळा हवेतून नाही, कातडीवरून. हाताला चीर पडलेली असते, नखाजवळ सालपट निघालेलं असतं, त्यातून फोडातलं पाणी किंवा खपलीची भुकटी आत जाते. मग बोटावर फोड, कधी ताप, काखेत अवधान म्हणजे दुखरी गाठ. आणि तोच हात पुढच्या म्हशीच्या सडाला लागतो, म्हणजे आजार म्हशीकडून माणसाला आणि माणसाकडून परत म्हशीला, ही फेरी गोठ्यातल्या गोठ्यातच चालू राहते. ब्राझीलमध्ये १९९९ ला कांतागालो नावाचा असाच व्हायरस सापडला, तोही गायी आणि धार काढणाऱ्यांच्या हातांवर. आणि १७९६ ला इंग्लंडच्या डॉक्टर जेन्नरनं देवीची पहिली लस टोचली ती सुद्धा एका गवळणीच्या हातावरच्या फोडातूनच घेतली होती!

म्हणून माझं सगळ्यात जास्त सांगणं धारेबद्दल आहे. निरोगी जनावरांची धार आधी, फोडवाल्या जनावराची सगळ्यात शेवटी, जमलं तर ती दुसऱ्याच माणसानं काढायची. प्रत्येक जनावरानंतर साबणानं हात धुवायचे, कास पुसायचं फडकं एकच सगळ्यांना फिरवायचं नाही, मशीन असेल तर कप धुऊन निर्जंतुक करायचे, धारेनंतर सड आयोडीनच्या द्रावणात बुडवायचे. वासराला त्या सडाला लावू नका, त्याच्या ओठांवर पण फोड येतात, दूध बादलीनं पाजा. सड दुखतो म्हणून म्हैस लाथ मारते आणि धार अर्धवट राहते, तिथूनच दगडी (कासेची सूज) सुरू होते, त्यामुळे धार पूर्ण काढाच.

मावा झालेल्या करडाला बाटलीनं दूध पाजताना हातमोजे घालाच, आणि लहान मुलांना हे काम देऊ नका, मुलं करडाचं तोंड कुरवाळतात. आपल्या बोटावर मोठी गाठ आली तर पू झालाय समजून ब्लेडनं फोडू नका, ती साधारण ६ आठवड्यांत आपोआप बरी होते, झाकून ठेवा. आणि मावा एकदा झाला म्हणजे परत होणार नाही असंही नाही. अँटिबायोटिक व्हायरसवर चालत नाही, वरून जखम चिघळली तरच त्याचा उपयोग. ज्यांना एक्झिमा आहे किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू आहेत त्यांनी अशा जनावराला हातच लावू नये, आणि फोड डोळ्याजवळ आला किंवा अंगभर पसरला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं आणि घरात जनावरं आहेत हे आपणहून सांगायचं, नाहीतर निदान चुकतं.

नवीन जनावर ३-४ आठवडे वेगळं बांधा. २००३ ला अमेरिकेत घानाहून आणलेल्या उंदरांजवळ प्रेअरी डॉग (खारीसारखे पाळीव प्राणी) ठेवले आणि त्यांच्यातून माणसांना एमपॉक्स (देवीच्याच कुळातला आजार) झाला, कुठलं जनावर कुणाला काय देईल हे नुसतं बघून कळत नाही.

लंपी चावणाऱ्या माश्या-डासांनी पसरते, तिथे लस आजार यायच्या आधी द्यावी लागते, पूर्ण ताकद यायला ३ आठवडे जातात, म्हणून पावसाच्या आधीच घ्या. साचलेलं पाणी आणि शेण रोज काढा. आणि गळून पडलेल्या खपल्या झाडून उकिरड्यावर टाकू नका, सुक्या खपलीत व्हायरस महिनोन्महिने जिवंत राहतो, गोळा करून जाळा आणि ती जागा ब्लीचच्या पाण्यानं धुवून घ्या.