पदवीनंतर जिल्हा परिषद, नगरपरिषदेत नोकरी : जाहिरात येण्याआधीची तयारी

जिल्हा परिषदेची मोठी भरती दरवर्षी निघत नाही. मार्च 2019 ला निघालेली रखडत रखडत 2022 मध्ये रद्द झाली आणि ऑगस्ट 2023 मध्ये नव्याने जाहिरात आली, 19,460 जागांची. एवढी वाट पाहून हातातली संधी परीक्षेत कमी आणि कागदपत्रांत जास्त जाते. म्हणून अभ्यासाच्या आधी पात्रता आणि कागद.

एक गोष्ट अगोदर स्पष्ट असू द्या. तलाठी, म्हणजे आताचा ग्राम महसूल अधिकारी, हा महसूल खात्याचा माणूस. त्याची भरती वेगळी. ग्रामसेवक, म्हणजे आताचा ग्रामपंचायत अधिकारी, जिल्हा परिषदेचा. गावात दोघं शेजारी बसतात म्हणून घोळ होतो.

कोणत्या पदाला तुम्ही बसता?

ग्रामसेवक पदात बीए, बीकॉम झालेली कितीतरी मुलं फसतात. 2023 च्या भरतीत या पदाला नुसती पदवी चालत नव्हती. बारावीला किमान 60 टक्के हवे होते, नाहीतर अभियांत्रिकी पदविका, बीएसडब्ल्यू, कृषी पदविका किंवा कृषी पदवी. बारावीला 55 टक्के आणि पदवीला 75 असतील तरी अर्ज बाद. त्यांनी विस्तार अधिकारी (पंचायत) या पदवीधरांच्या पदाकडे वळावं. विस्तार अधिकारी (सांख्यिकी) पदाला मात्र विषयाची आणि श्रेणीची अट असते, ती गुणपत्रिका समोर ठेवून वाचा. कनिष्ठ सहायकाला मराठी टायपिंग 30 शब्द प्रतिमिनिट लागतं. हे प्रमाणपत्र जाहिरात आल्यावर मिळत नाही. क्लास, परीक्षा आणि निकाल यांत सहज सहा महिने जातात. पदवीच्या शेवटच्या वर्षालाच नाव घाला.

नगरपरिषदांची पदं राज्यस्तरीय संवर्गाची : लेखापाल, कर निर्धारण, स्थापत्य, पाणीपुरवठा, संगणक, अग्निशमन. नेमणूक गावाजवळच मिळेल हे धरून चालू नका. मराठवाड्यातल्या संभाजीनगर, नांदेड, लातूर, परभणी, जालना या पाच महापालिका आपापली जाहिरात काढतात. गटविकास अधिकारी आणि मुख्याधिकारी व्हायचं असेल तर रस्ता एमपीएससीचा.

कागद

आरक्षित प्रवर्गातल्यांनी जात प्रमाणपत्रावर थांबू नये, जात वैधता प्रमाणपत्र (व्हॅलिडिटी), म्हणजे जात दावा तपासून मिळणारा कागद, काढून ठेवावं. पुराव्यासाठी वास्तव्याच्या ठरलेल्या तारखा आहेत : अनुसूचित जाती 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमाती 6 सप्टेंबर 1950, विमुक्त-भटक्या जमाती 21 नोव्हेंबर 1961, ओबीसी 13 ऑक्टोबर 1967. आपल्या मराठवाड्यात खरी अडचण इथंच येते. निजाम राजवटीतल्या शाळेच्या, जमिनीच्या नोंदी उर्दूत किंवा मोडी लिपीत असतात. आजोबांच्या शाळेच्या प्रवेश निर्गम रजिस्टरचा उतारा काढा, भाषांतर करून घ्या आणि नावातला, आडनावातला फरक आत्ताच तपासा. 'शेख' आणि 'शेक', 'जाधव' आणि 'जादव' एवढ्यावरून प्रकरण महिनोनमहिने अडतं.

नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे कुटुंब उत्पन्नाच्या मर्यादेत असल्याचं प्रमाणपत्र, अर्जाच्या शेवटच्या तारखेला चालू असलेलं हवं. आई-वडिलांच्या तीन वर्षांच्या उत्पन्नाचे दाखले आधी तहसीलमधून काढावे लागतात, म्हणून ऐनवेळी धावपळ होते. अधिवास, एमएस-सीआयटी आणि दहावीच्या सनदेवरचं नाव एकच आहे ना, हेही पाहून घ्या. लग्न झालेल्या मुलींनी नावबदलाचं राजपत्र जवळ ठेवावं. दोनपेक्षा जास्त मुलं असतील तर लहान कुटुंबाच्या नियमात अर्ज अडकतो.

अर्ज आणि परीक्षा

2023 ला एका पदासाठी एकाच जिल्हा परिषदेत अर्ज करायचा होता. बीड, लातूर, नांदेड असे तीन ठिकाणी पैसे भरणाऱ्यांचे पैसे वाया गेले. एका पदाची परीक्षा सगळीकडे एकाच वेळी. शुल्क खुल्या गटाला 1,000 आणि मागास गटाला 900 रुपये होतं. जिल्हा निवडताना एकूण जागा पाहून भागत नाही. तुमच्या प्रवर्गातल्या, समांतर आरक्षणासकटच्या (महिला, खेळाडू, माजी सैनिक वगैरे) जागा मोजा.

पेपर 100 प्रश्नांचा, 200 गुणांचा, संगणकावर. मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान, बुद्धिमत्ता. तांत्रिक पदांना या 100 मधलेच 40 प्रश्न विषयाचे. गुणवत्ता यादीत यायला किमान 45 टक्के. चुकीला गुण कापत नव्हते, त्यामुळे एकही प्रश्न मोकळा सोडण्यात अर्थ नव्हता. पुढच्या जाहिरातीत हे बदललं का, ते आधी पाहा.

वाट पाहताना

आपल्याच ग्रामपंचायतीचे दप्तर वाचा. नमुना 8 म्हणजे कर आकारणी, नमुना 9 म्हणजे मागणी-वसुली. असे 33 नमुने आहेत. ग्रामसभेला जा. पंधराव्या वित्त आयोगाचा 2021-26 या काळातला निधी बंधित (पाणी, स्वच्छतेसाठी राखलेला) 60 आणि अबंधित (गावाच्या गरजेप्रमाणे वापरायचा) 40 टक्के, म्हणजे नेमका कशावर खर्च झाला, हे ई-ग्रामस्वराज पोर्टलवर गावाचं नाव टाकून पाहा. 1958 चा ग्रामपंचायत कायदा आणि 1961 चा जिल्हा परिषद कायदा मग पाठ करावा लागत नाही.

2024 मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना 10,000 रुपये विद्यावेतन होतं, आणि कित्येकांना ग्रामपंचायतीत बसून काम शिकता आलं. अशी संधी मिळाली तर घ्या, पण ती कायम नोकरी नव्हे. त्यासाठी टायपिंगचा क्लास बंद करू नका.