आधी तेलाचा हिशेब, ओट्स मागाहून

रक्ताच्या रिपोर्टमध्ये एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, दीडशेच्या घरात दिसलं की अंडी बंद होतात, ओट्सचा डबा येतो. फोडणीची पळी मात्र होती तशीच पडत राहते. सुरुवात तिथून करा.

माणशी दिवसाला तीन छोटे चमचे, म्हणजे १५ मिलि तेल धरा. चौघांना आठवड्याला ४२० मिलि. रविवारी तेवढं तेल मोजून वेगळ्या बाटलीत काढायचं आणि पोळ्यांना लावायचं तेलही त्यातूनच घ्यायचं. मापाला खोकल्याच्या औषधाचं टोपण उत्तम. घरातल्या पळीत किती मावतं तेही त्यानेच एकदा बघा. बाटली गुरुवारीच तळाला गेली, तर त्या आठवड्यात काय तळलं ते आठवा.

कमी तेलात कांदा बुडाला लागतो, मसाला करपतो, मग कंटाळून पुन्हा पळी उचलली जाते. म्हणून जाड बुडाची कढई, मंद आच, कांद्यावर चिमूटभर मीठ आणि झाकण. तिखट-मसाला दोन चमचे पाण्यात कालवून घाला. तर्री येणार नाही, चव येते.

तेल करडई, शेंगदाणा, राइस ब्रान यांपैकी कुठलंही चालेल. तूप, लोणी, खोबरेल आणि पामतेलातली संपृक्त (सॅच्युरेटेड) चरबी एलडीएल वाढवते. 'कोलेस्टेरॉल फ्री' या शिक्क्याला भुलू नका. वनस्पतीजन्य तेलात कोलेस्टेरॉल जवळपास नसतंच, पामतेलातही नाही. ट्रान्स फॅटवर, म्हणजे तेल कृत्रिमरीत्या घट्ट करताना तयार होणाऱ्या घातक चरबीवर, २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे, पण चहाबरोबरच्या खारीतली संपृक्त चरबी त्याने कमी होत नाही.

रोज वाटीभर उसळ हवी: मटकी, चवळी, हरभरे. यातला विरघळणारा तंतू आतड्यात पित्ताम्ल (चरबी पचवणारा पित्तातला घटक) धरून ठेवतो आणि नवं पित्ताम्ल बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. वाटणात खोबरं निम्मं करून भाजलेला कांदा आणि थोडं डाळं घाला, रस्सा दाट होतो. इसबगोल घ्यायचं तर मोठा चमचाभर, पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचं. ठेवलं की खळ होते. कमी पाण्यात घेतलं तर घशात अडकू शकतं. इतर गोळ्यांपासून दोन तासांचं अंतर ठेवा. जवस भाजून कुटूनच खा, अख्खे दाणे बरेचसे तसेच बाहेर पडतात.

तेल कमी केलं आणि भूक साखर, मैदा किंवा उपवासाच्या साबुदाण्यावर भागवली, तर ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी, चढतात. दारूनेही चढतात. आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास भरभर चालल्याने ते उतरतात. एलडीएल नुसत्या चालण्याने फारसं हलत नाही.

तीन महिन्यांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा तपासा. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असतील तर नेहमीच्या सूत्राने काढलेल्या एलडीएलवर विसंबू नका, थेट मोजायला सांगा. एलडीएल १९० किंवा त्याहून जास्त असेल तर कारण आनुवंशिक असू शकतं. तिथे बाटलीचा हिशेब पुरत नाही, डॉक्टर गाठा. आणि आकडा कोलेस्टेरॉलच्या गोळीमुळे उतरला असेल तर गोळी मनाने थांबवू नका, तो पुन्हा चढतो.