हान्सेन नेमका कोणता, हे कसे ओळखावे

‘हान्सेन’ हे डेन्मार्क आणि नॉर्वे या देशांतील अत्यंत प्रचलित आडनाव असून त्याचा अर्थ ‘हान्सचा मुलगा’ एवढाच आहे. जुन्या प्रथेनुसार हान्सचा मुलगा येन्स हा ‘येन्स हान्सेन’ होई, पण येन्सचा मुलगा पेटर मात्र ‘पेटर येन्सेन’ म्हणून ओळखला जाई आणि हान्सची मुलगी ‘हान्सदात्तर’ म्हणवली जाई. पुढे कायद्याने आडनावे कायम झाली (नॉर्वेत १९२३ साली) आणि ज्याचे जे नाव त्या वेळी चालू होते, तेच बहुधा घराण्याला चिकटले. म्हणून दोन हान्सेन एकमेकांचे नातलग असतील, असे आधीच गृहीत धरू नये.

सर्वप्रथम रोमन लिपीतील मूळ नाव पाहावे, कारण देवनागरीतील ‘हॅन्सन’ या एकाच रूपामागे निरनिराळी आडनावे दडलेली असतात. शेवटच्या भागात ‘ई’ हे अक्षर असल्यास आडनाव बहुधा डॅनिश किंवा नॉर्वेजियन असते. मध्ये ‘एस’ दोनदा आणि पुढे ‘ओ’ असल्यास ते स्वीडिश ‘हान्सॉन’ असते. १९३६च्या उन्हाळ्यातील अल्प खंड वगळता १९३२ ते १९४६ या काळात स्वीडनचे पंतप्रधान असलेले पेर आल्बिन हान्सॉन हे याचे ठळक उदाहरण होय. परदेशी स्थायिक झालेल्या कुटुंबांनी अक्षरे बदललेली असू शकतात, त्यामुळे ही खूण निर्णायक मानू नये.

खरी मदत होते ती मधल्या नावाची, आणि ते गाळण्याची सवय मला फार घातक वाटते. कुष्ठरोगाचा जिवाणू १८७३ साली बर्गेन येथे शोधणारे वैद्य गेरहार्ड आर्माउअर हान्सेन यांचा उल्लेख ‘आर्माउअर हान्सेन’ असाच केला जातो. रुग्णांच्या गाठींमधील दांडीसारखे सूक्ष्म घटक त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. हा रोग आनुवंशिक असल्याचे त्या काळी अनेक जाणकार मानत होते, आणि त्यांत त्यांचे सासरे डॅनियलसेन हेही होते. डेन्मार्कमध्ये तर १९५५ साली पंतप्रधान हान्स हेडटॉफ्ट यांच्या निधनानंतर एच. सी. हान्सेन पंतप्रधान झाले. हेडटॉफ्ट यांचेही जन्माचे आडनाव हान्सेनच होते, पण ते मधल्या नावानेच ओळखले गेले.

मधले नाव मिळाले नाही, तर गाव, साल आणि कार्यक्षेत्र यांची सांगड घालावी. कोपनहेगनमधील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळा आणि १८८३ साल असा उल्लेख आल्यास तो शुद्ध यीस्ट वेगळे काढणाऱ्या एमिल क्रिस्टियान हान्सेन यांचा असतो. व्हिएन्नाच्या संसद भवनाच्या संदर्भातील हान्सेन म्हणजे कोपनहेगनमध्ये जन्मलेले वास्तुविशारद थिओफिल. आणि २०१३च्या अर्थशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी लार्स पीटर हान्सेन हे अमेरिकन आहेत.

स्वतःच्या टिपणात नोंद करताना नुसते ‘हान्सेन’ न लिहिता ‘हान्सेन, गेरहार्ड आर्माउअर (१८४१–१९१२), वैद्य, बर्गेन’ अशी पूर्ण नोंद करावी आणि तिच्याशेजारी रोमन लिपीतील मूळ रूपही उतरवून ठेवावे.