मालिकेच्या गर्दीत उभं राहताना
मालिकेत ज्युनिअर आर्टिस्ट म्हणून, म्हणजे मुख्य कलाकारांच्या मागे दिसणाऱ्या गर्दीत, काम करणार असाल, तर पहिल्या टेकला आपण काय केलं ते नीट लक्षात ठेवा: कोणत्या वाक्याला चालायला लागलो, कप कुठल्या हातात होता, पर्स कुठल्या खांद्यावर. एकच प्रसंग वेगवेगळ्या कोनांतून पुन्हा पुन्हा चित्रित होतो. हात बदलला तर संकलनात ते तुकडे जुळत नाहीत. म्हणून सुरुवातीलाच साधी, दहा वेळा तशीच करता येईल अशी हालचाल निवडा. मागे गप्पा मारायच्या असतील तर नुसते ओठ हलवा, कुजबुजसुद्धा नको, कारण मुख्य कलाकारांचे संवाद बहुधा तेव्हाच रेकॉर्ड होत असतात. आणि बारीक रेघांचा शर्ट घरीच ठेवा, कॅमेऱ्यात त्या रेघा थरथरल्यासारख्या दिसतात.