मुंबईची गाडी आणि मनालीचा बर्फ: या चुका टाळा

डिसेंबर आला की आमच्या मुलुंडच्या ग्रुपवर कोणीतरी टाकतंच, "चला रे, यावेळी मनाली, गाडी काढून." चला की! साधारण दोन हजार किलोमीटर, तीन दिवस धरा, मजा येते. पण आपण आणि आपली गाडी, दोघंही पावसाला सरावलेले, थंडीला नाही, आणि निम्मे लोचे दहिसर चेकनाका ओलांडायच्या आधीच झालेले असतात.

पहिला लोचा कूलंटचा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या, सहज न गोठणाऱ्या द्रवाचा. उन्हाळ्यात कूलंट जरा खाली दिसलं की गॅरेजवाला साधं पाणी ओततो, आपण पण ओततो, मुंबईत चालून जातं म्हणून कोणी बघत नाही, आणि दोन वर्षांत आत कूलंट नावालाच उरतं. पाणी शून्याला गोठतं आणि गोठताना साधारण 9 टक्के फुगतं. रात्री ते इंजिनात फुगलं तर रेडिएटर जाईल, नशीब अगदीच फुटकं असेल तर इंजिनच्या ब्लॉकलाच तडा. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं असेल तर उणे 35 च्या आसपासपर्यंत टेन्शन नाही. म्हणून टॉपअप नको, सगळं काढून नवीन भरा. गॅरेजवाला म्हणेल "काय गरज नाय साहेब", त्याचं ऐकू नका, बिल तुम्हीच भरणार आहात.

वॉशरच्या टाकीत पण नळाचं पाणी नको, न गोठणारं फ्लुइड मिळतं ते टाका. हे मी शिकलो कसं, तर सकाळी साडेसहाला हॉटेलबाहेर काचेवर पांढरा थर, मी अर्धवट झोपेत वायपर चालू केला. तो रात्रभरात काचेला चिकटलेला. मोटर घरघरली आणि डावीकडचं रबर सालीसारखं सोलून लोंबायला लागलं. तेवढ्यात आमचा मेव्हणा किटलीभर उकळतं पाणी घेऊन हजर, नशीब हॉटेलचा पोरगा ओरडला, "भैया, शीशा जाएगा!" गार काचेवर गरम पाणी पडलं की काच तडकते. रात्री वायपर उभे करून ठेवायचे, सकाळी इंजिन चालू करून डिफॉगर लावायचा आणि दहा मिनिटं चहा प्यायचा, बस. हँडब्रेकही रात्री ओढून ठेवू नका, केबलमधला ओलावा गोठला की सकाळी सुटत नाही. पहिल्या गिअरमध्ये टाका, चाकाला दगड लावा.

टायरची हवा थंडीत आपोआप उतरते, दर पाच-सहा डिग्रीला साधारण 1 पीएसआय. इथे तीस डिग्रीत भरलेली हवा तिकडे शून्याला चार-पाचने कमी दिसणारच, लगेच पंक्चरवाला शोधत फिरू नका, सकाळी टायर गार असताना भरून घ्या. डिझेलवाल्यांनी फिल्टर नवीन टाकून निघा, कडक थंडीत डिझेलमधलं मेण घट्ट होऊन फिल्टर चोक होतो. इंडियन ऑइलने 2019 मध्ये लडाखसाठी उणे 33 पर्यंत न गोठणारं वेगळं डिझेल काढलं ते उगाच नाही.

आता आपली खास मुंबईकर सवय, ट्रॅफिक टाळायला पहाटे चारला निघायचं. वडोदऱ्यापर्यंत ठीक, पण हरियाणा-पंजाबात डिसेंबर-जानेवारीत पहाटेच धुकं सगळ्यात दाट असतं, बॉनेटच्या पुढचं दिसत नाही. तिथे नऊ-दहाच्या आधी निघूच नका. हाय बीम मारलात तर प्रकाश धुक्यावर आपटून तुमच्याच डोळ्यात, लो बीम आणि फॉग लॅम्प ठेवा. आणि चालत्या गाडीत पार्किंग लाइट, म्हणजे चारही इंडिकेटर एकदम लुकलुकणारे हॅझर्ड, लावून ठेवणारे (आपल्याकडे पावसात पण लावतात ना, तेच लोक), अहो, मग वळताना तुमचा इंडिकेटर मागच्याला कळणार कसा?

मनालीच्या पुढे अटल टनेलमध्ये 9 किलोमीटर कोरडा रस्ता मिळतो, पाय सैल सुटतो, आणि लाहौलच्या बाजूला तीन हजार मीटरच्या वर बाहेर पडताच समोर बर्फ. तोंडाशी यायच्या आधीच स्पीड कमी करा, दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनवर उतरवा. काळा, ओला दिसणारा रस्ता बऱ्याचदा ओला नसतो, गोठलेला असतो, त्यावर कच्चकन ब्रेक दाबला की गाडी तिला वाटेल तिकडे जाते.

अडकलातच तर काचा बंद करून, हीटर लावून झोपू नका. सायलेन्सर बर्फात बुजला की कार्बन मोनॉक्साइड आत येतो, त्याला वास नसतो. जानेवारी 2022 मध्ये पाकिस्तानात मरी इथे बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसच्या वर माणसं गेली, त्यातले बरेच जण या गॅसनेच गेल्याचं सांगितलं गेलं. आधी खाली उतरून सायलेन्सर मोकळा करा, इंजिन थोडा वेळच चालवा, काच बोटभर उघडी.

आणि बर्फात घसरू नये म्हणून टायरला बांधायची चेन. घेतात सगळे, लावून कोणी बघत नाही, मग उणे पाचला बधिर बोटांनी यूट्यूब. इंजिनची ताकद ज्या चाकांना जाते त्यांनाच लावायची, आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढची. एकदा सोसायटीच्या पार्किंगमध्येच लावून काढून बघा. आमचा वॉचमन बराच वेळ बघत उभा होता, शेवटी म्हणाला, "साहेब, गाडी चोरीला जाऊ नये म्हणून बांधताय काय?"