वकिली, मग सिटी काउन्सिल, मग ओटावा: कॅनडात खासदार व्हायचं असेल तर

दर गणपतीत आरतीनंतर कोणीतरी हमखास विचारतं, की पोरगी लॉ करतेय, बोलायला पटाईत आहे, इथं पॉलिटिक्समध्ये जायचं म्हणते, तर करायचं काय? मी स्वतः कधी उभा राहिलो नाही, पण तीन निवडणुकांत लोकांची दारं ठोठावत फिरलोय, तेव्हा बघितलेलं सांगतो. पालिकेचे नियम ऑन्टारिओचे आहेत, बाकी प्रांतात वेगळे असतात.

आधी सिटिझनशिप बघा. पीआरवर (म्हणजे कायम राहायच्या परवान्यावर) वकिली करता येते (सिटिझन असायची अट सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच उडवली), पण मत देता येत नाही आणि उभंही राहता येत नाही. ५ वर्षांत १,०९५ दिवस इथं प्रत्यक्ष राहिलं की अर्ज करता येतो, आणि हो, मग भारतीय पासपोर्ट जातो, ओसीआयवर (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड) समाधान मानायचं. हा निर्णय घरात आधीच बोलून घ्या, कारण आईवडिलांना तो फार लागतो.

पुण्या-मुंबईची एलएलबी इथं थेट चालत नाही. एनसीएकडून (परदेशी लॉ डिग्र्या तपासणारी इथली संस्था) डिग्री तपासून घ्यायची, ते सांगतील तेवढे पेपर द्यायचे (इथलं संविधान, फौजदारी, प्रशासकीय कायदा वगैरे), मग बारच्या परीक्षा आणि आर्टिकलिंग (वकिलाच्या हाताखालची उमेदवारी). खासदार व्हायला वकिली लागतच नाही हेही सांगून ठेवतो. पण कायद्याचा मसुदा वाचायची सवय आणि गावात चार माणसं ओळखणं, याचा फायदा होतो.

आता नमुना बघा. पॅट्रिक ब्राऊन २००० मध्ये २२व्या वर्षी ऑन्टारिओतल्या बॅरी शहराच्या सिटी काउन्सिलवर (नगरपालिकेवर) निवडून आला, तेव्हा लॉचं शिक्षण चालूच होतं. २००४ ला फेडरलला, म्हणजे देशाच्या संसदेसाठी, उभा राहिला आणि पडला. २००६ ला त्याच सीटवरून, आधी ज्या बाईंकडून हरला होता त्यांनाच हरवून ओटावाला, म्हणजे राजधानीत संसदेवर गेला. पुढे २०१८ पासून ब्रॅम्प्टनचा महापौर. त्याचं राजकारण पटो न पटो, क्रम बघा, आधी वॉर्ड, मग एकदा आपटी, मग संसद.

वॉर्डासाठी खर्च फार नाही. काउन्सिलरच्या अर्जाची फी १०० डॉलर, मोठ्या गावात २५ मतदारांच्या सह्या, पार्टी वगैरे काही नाही. निवडणूक दर ४ वर्षांनी ऑक्टोबरच्या चौथ्या सोमवारी, २०२२ ला २४ तारीख होती, २०२६ ला २६. अर्ज ऑगस्टमध्येच बंद होतात, नवरात्रात जाग येऊन उपयोग नाही. खर्चाचा हिशेब वेळेत दिला की फी परत मिळते.

आणि दारात वकिली करू नका! आमच्या एका उमेदवाराबरोबर मी फिरत होतो, हुशार वकील, एका पंजाबी आजोबांनी विचारलं की प्लाऊवाला रस्ता साफ करतो आणि तो सगळा बर्फाचा बांध माझ्या ड्राईव्हवेच्या तोंडाशी टाकून जातो, त्याचं काय करणार? याने अधिकारक्षेत्र, पालिकेची जबाबदारी आणि बजेट असं सगळं सुरू केलं, आजोबा थंडीत स्वेटरवर उभे, मी मागून खुणा करतोय, शेवटी आजोबा म्हणाले बेटा तू फावडं उचलशील का, एवढंच सांग. वॉक लिस्टवर (दारोदार फिरताना हातात असते ती मतदारांची यादी) त्या घरापुढे मी गुपचूप 'नाही' लिहिलं.

खरी लढाई मात्र नॉमिनेशनची. पार्टीचं तिकीट रायडिंगमधले (मतदारसंघातले) पार्टी मेंबर मत देऊन ठरवतात, आणि सेफ सीट असेल तर तिथंच निकाल लागला म्हणून समजा. मेंबर १४ वर्षांपासून होता येतं, त्यामुळे कॉलेजची पोरं, आजी-आजोबा, सगळ्यांचे फॉर्म भरून घ्यायचे, तेही कट-ऑफ तारखेच्या आत. आम्ही एकदा ४० फॉर्म एक दिवस उशिरा दिले, ४० च्या ४० वाया, आणि आमचा माणूस त्याहून कमी मतांनी पडला. एक मात्र आहे, मेंबरांनी निवडलं तरी पार्टीची सही लागतेच, ती नसेल तर बॅलटवर पार्टीचं नाव येत नाही.

तिकीट मिळालं की उरलेलं कागदी काम. १०० मतदारांच्या सह्या (दुर्गम रायडिंगमध्ये ५०), ऑफिशियल एजंट (प्रचाराच्या पैशांचा हिशेब सांभाळणारा), ऑडिटर. १,००० डॉलरचं डिपॉझिट आता नाही. देणगी फक्त माणसांकडून, २०२५ मध्ये मर्यादा १,७५० डॉलर, कंपनीचा चेक कितीही प्रेमाने आला तरी परत करायचा. एजंट नेमताना मित्र बघू नका, पावत्या जपणारा माणूस बघा. रायडिंगमध्ये राहायलाच हवं असं नाही, पण लोक विचारतातच.

संसदेतल्या ३४३ पैकी एक सीट मिळाली तर काउन्सिलरपद सोडावं लागतं. साधा खासदार हितसंबंधांचे नियम पाळून वकिली करू शकतो, मंत्र्याला ती बंद. आणि मामेभावाची इमिग्रेशनची फाईल अडकली तर खासदाराच्या ऑफिसातून स्टेटस विचारता येतं, वकील म्हणून त्याच कामाची फी घेता येत नाही, हे मामेभावाला आधीच सांगून ठेवा, तो पहिल्याच आठवड्यात फोन करणार आहे.