पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरू नये म्हणून

मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता कित्येक दिवस ८० टक्क्यांच्या खाली येत नाही. कॅमेऱ्याच्या लेन्सवर बुरशी वाढायला ६०-६५ टक्केही पुरतात. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, त्यांना अडवता येत नाही. अडवायचा तो ओलावा.

ड्राय कॅबिनेट (आतली हवा कोरडी ठेवणारं विजेचं कपाट) परवडत असेल तर प्रश्नच मिटला. नाहीतर झाकणाला रबरी पट्टी असलेला १०-१२ लिटरचा हवाबंद डबा घ्या. त्यात १५०-२०० ग्रॅम सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे) सुती पिशवीत घालून ठेवा आणि सोबत छोटा डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजायचं यंत्र. आकडा ४० ते ५० च्या दरम्यान हवा. तो महिनोन्महिने ३० च्या खाली राहिला तर लेन्सच्या आतलं वंगण आणि रबर सुकण्याची भीती, म्हणून अति कोरडंही नको.

स्वस्त हायग्रोमीटर सर्रास चुकतात. बाटलीच्या टोपणात मीठ घेऊन त्यावर पाण्याचे थेंब टाका. मीठ ओल्या वाळूसारखं व्हायला हवं, विरघळायला नको. टोपण आणि हायग्रोमीटर झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आकडा ७५ दिसायला हवा. ७० दिसला तर तुमचं यंत्र ५ ने कमी दाखवतं, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

सिलिका जेल नारिंगी घ्या. ओलावा शोषून ते हिरवट झालं की ओटीजीमध्ये ११०-१२० अंश सेल्सियसवर दोन तास तापवा, पूर्ण गार झाल्यावरच डब्यात परत ठेवा. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं; ते विषारी आहे, स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये नकोच. जेलऐवजी तांदूळ ठेवू नका, त्याची पूड लेन्समध्ये जाते. डांबरगोळ्याही नकोत. लेन्ससोबत मिळालेली चामड्याची थैली दिसायला छान, पण ओल धरते. ती कपाटातच बरी.

एसी खोलीतून थेट दमट हवेत कॅमेरा काढला की गार काचेवर दव धरतं. आधी बॅग बंद ठेवूनच बाहेर न्या, अर्ध्या तासाने उघडा.

पुसताना क्रम मोडू नका. आधी ब्लोअर (हवा मारायचा रबरी फुगा), मग मऊ ब्रश, आणि डाग राहिलाच तर मायक्रोफायबर कापडावर लेन्स क्लीनरचे दोन थेंब. थेंब काचेवर थेट टाकले तर कडेने आत झिरपतात. वाळूचा कण राहिलेला असताना कापड फिरवलं की ओरखडा ठरलेला. समुद्रावरून आल्यावर कापड गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळा आणि त्याने कॅमेऱ्याची बॉडी पुसा. सुकलेलं मीठ धातू खातं.

महिन्यातून एकदा अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र) पूर्ण उघडून मागून टॉर्च मारा आणि पुढून तिरपं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. लेन्स इतरांपासून वेगळी ठेवा आणि लगेच कारागिराकडे द्या. बुरशीतून पाझरणारं आम्ल काचेवरचं कोटिंग कोरतं. एकदा कोरलं गेलं की काच स्वच्छ होते, पण खुणा राहतात.